विमानातून गाडीत

विमानतळाखालच्या बुलेट ट्रेनच्या स्टेशनात उतरायला लिफ्टची रांग. माझ्यापुढे काठी टेकून उभी एक आई आणि गळ्यात रेल्वेचं ओळखपत्र घातलेली तिची लेक.

“विमानातून उतरलं की लगेच गाडी मिळते म्हणालीस ना?”

“मिळते, आई. मी स्वतः तपासून ‘सोय उत्तम’ असा शेरा दिलाय.”

“कसं तपासलंस?”

“चालून. सरकत्या जिन्यानं.”

“हातात बॅगा होत्या?”

“नव्हत्या.”

“माझ्यासारखं कुणी बरोबर?”

“लिफ्ट आहे की.”

“एकच आहे. आणि रांग बघ.”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. आता खालून गेली ती आपलीच गाडी का गं?”

“हो. पुढची तासाभरानं.”

“तोवर मामाला ऑपरेशनला आत नेतील.”

“मी फोन करते त्याला.”

“कर. सांग, सोय उत्तम आहे, तुझी बहीणच हळू चालते.”