भाजी कोणती आणली?

झोपलेला माणूस डोळे मिटून घोरते, असं ज्याले वाटते त्यानं आमच्या रेल्वेच्या सिग्नल केबिनात येऊन पाहावं.

भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता, तवाची गोष्ट. बदलीचे माणसं आले नाही म्हून मी अन् आमचे केबिन मास्टर बापूराव दुसरी ड्युटी ओढून राहिलो होतो. अशा टायमाले आमची एक रीत होती. मधातच एकमेकाले इचारायचं, भाजी कोणती आणली? ड्युटीच्या सवालाले माणूस झोपेतही बरोबर जबाब देते, भाजीच्या नाही.

भर दुपारी मजुरांनी भरलेली पॅसेंजर केबिनच्या खालच्या लाइनवर उभी होती. तिच्या मांगून, त्याच लाइनवर, मांगच्या कुम्हारी स्टेशनाकडून आलेली मालगाडी सिग्नलबाहेर शिट्टी मारून राहिली होती. बापूराव शांतपणे बोलले, "मालगाडी आत घे."

डोळे उघडे, आवाज खणखणीत. माझा हात सिग्नलच्या लिव्हरवरच थांबला.

"बापूराव, भाजी कोणती आणली?"

"मालगाडी आत घे."

म्या त्यायले खांदे धरून हालवलं. त्यायनं खिडकीतून खाली उभी पॅसेंजर पाहिली अन् माझा हात लिव्हरवरून काढला.

"झोपले होते तुम्ही," म्या म्हनलं.

बापूराव मंग म्हने, "मघाशी म्या तुले भाजी इचारली होती. याद आहे?"

मले याद नव्हती.

"तू बोलला, पॅसेंजर आत घेतली. काम बरोबर होऊन राहिलं होतं, म्हून म्या तुले उठवलं नाही."

ती पॅसेंजर आत घेतल्याचं मले अजूनही आठवत नाही.