चिंचटोलीच्या वार्डाची रेघ

मी मोहिनी अंकुश झाडे, वय ३६, धंदा शेती, रा. चिंचटोली, ता. कारंजा (घाडगे), जि. वर्धा. समक्ष हजर होऊन सांगते की, मी पती अंकुश व सासूबाई यांच्यासह वरील ठिकाणी राहत होते. आम्हाला मूलबाळ नाही. मोठे दीर डोमाजी शेजारी वेगळे राहतात. ते दोन नंबर वार्डाचे मेंबर आहेत.

गावातील गोंड टोली, म्हणजे गोंडांची वस्ती, वार्डाच्या रेघेने मधोमध तोडून अर्धी दोन नंबरात टाकली आहे. त्यामुळे टोलीचा माणूस आजवर निवडून आला नाही. काल सकाळी ग्रामसभेत माझ्या पतींनी मागणी केली की, वार्ड आखण्याचे काम स्वतंत्र समितीकडे द्यावे, तीत गावात मत नसलेलीच माणसे असावीत, व तसा ठराव वर पाठवावा. टोलीचे नत्थू सिडाम यांनी अनुमोदन दिले.

आमच्याकडे भावाभावांत धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद झाला की परगावचा माणूस आणून हद्द घालतात. आमचा धुरा तसाच ठरला होता. त्यात डोमाजींकडील पट्टी आमच्याकडे आली. पतींनी सभेत तोच दाखला दिला. म्हणाले, "दादा, आपला धुरा नाई मिटला काय परक्याच्या हातानं? तसंच गावाचं करू."

मागून कोणीतरी बोलले, "धुरा गेला, आता मेंबरकीबी जाते." सभा हसली. माझे पतीही हसले.

डोमाजी यांनी मंडपाचे खांब रोवायला आणलेली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलली. "घरचं इथं काऊन काढून राह्यला बे?" असे म्हणून पतींच्या डोक्यात मारली. ते पडल्यावर तोंडावर मारत राहिले. नत्थू सिडाम आडवे गेले, त्यांचा हात कोपरात मोडला. मी पतींच्या अंगावर पडले. "मोहिनी, बाजूले हो," असे डोमाजी म्हणाले. मी झाले नाही. एक घाव माझ्या पाठीवर बसला. मग लोकांनी त्यांना धरले.

सावंगीच्या दवाखान्यात नेताना वाटेतच पती वारले. पंचनाम्याच्या वेळी मी त्यांना पायांवरून ओळखले.

तेथे सासूबाई मला म्हणाल्या, "एक पोरगं गेलं, दुसरं तू नको नेऊ. मंडप पडला म्हनून सांगजो." मंडप पडला नाही.

मूल नसल्याने अग्नी भावाने द्यायचा, त्यासाठी डोमाजींना पोलिसांनी तेवढ्यापुरते सोडावे, असा गावातून निरोप आहे. माझी हरकत आहे. अग्नी मी देणार. विस्तवाचे मडके नत्थू सिडाम धरतील. त्यांचा एक हात चालतो.

मी सांगितले तसेच लिहिले आहे. वाचून दाखवले ते ऐकले, बरोबर आहे. त्यातले काही काढायचे नाही.