आपटीबारवाल्याचं भांडण

...आणि वर मलाच म्हणते, "बावीस वर्षांत एकदाही भांडला नाहीत!" हा काय गुन्हा झाला? बायको भावाकडे निघून गेली, तुम्हाला सांगतो, मी भांडत नाही म्हणून!

अहो, कसा भांडणार? मी आपटीबार करतो. कारखान्यात. तुम्हाला वाटतं, त्यात ठासून दारू भरलेली असते... कुठली! कागदाच्या पुडीत चिमूटभर जाड वाळू, आणि त्या वाळूला चांदीचा एक क्षार, तोही लागला न लागला इतकाच. वात नाही, काडी नाही. आपटलं की खडे खड्यांवर घासतात आणि फट्! म्हणून आमच्याकडे सगळं हळू, अगदी हळू. वाळू ओली, खोली ओली, पायात कापडी सपाता, बोलायचं ते कुजबुजत... भिंतीवरून थेंब ओघळतोय, बोटं आपोआप पुड्या पिळतायत, आणि मी कुठल्या कुठे तरंगत असतो... ढगात बसून पगार घेतो म्हणा ना!

तर गेलो मेहुण्याकडे. घर खायला उठलं होतं हो, तिच्याशिवाय घास उतरेना. मेहुणा म्हणाला, "दाजी, एकदा आवाज चढवा, लगेच येईल." ती आतून ओरडली, "काहीतरी आपटा तरी! कळू दे मला, तुम्हाला माझं काही वाटतं!"

घेतली बशी. नेली डोक्याच्या वर. छातीत काय काय दाटलं होतं, सगळं खरं, सगळं तिच्यासाठी... मेहुण्याने कानांवर हात ठेवले... आणि हात खाली आला, तुम्हाला सांगतो, हळू, अगदी हळू. दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. टक् सुद्धा नाही! आणि वर बशीखाली फडकंही सरकवलं!

ती बाहेर येऊन बघतच राहिली. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू... मला वाटलं, जिंकलो! तिने पिशवी उचलली, दार असं आपटलं की मेहुण्याच्या भिंतीचा पोपडा पडला.

"चला घरी," म्हणाली. "यापुढे तुमच्या वाटचंही मीच भांडेन!"

आता रोज भांडते. दोघांच्या वतीने. आणि काल, तुम्हाला सांगतो, त्यातसुद्धा मीच हरलो!