मोटारीचा घसा आणि काथ्याचा बोळा

फक्त आवाज कमी करायचा होता हो! तुम्हीच सांगा, यात मी जगावेगळं काय मागितलं? माणसाचा घसा बसला तर हळद-दूध देता येतं, पण मोटारीचा घसा बसला तर काय पाजायचं? ...आणि बसला म्हणजे कसा? फर्रर्र... फट्! फर्रर्र... फट्! नवं शिडाचं कापड कुणीतरी कानाशी धरून टराटरा फाडतंय, असा!

आता मोटार मुळात अशी नव्हती, बरं का. बेळगावच्या एका डॉक्टरांची जुनी मोटार, अगदी सभ्य, खोकायचीसुद्धा रुमाल धरून. पण मला हवी होती देवबागची मासळी ऊन चढायच्या आत कुडाळच्या बाजारात न्यायला, म्हणून मी ती होड्या बांधणाऱ्या सत्यवान मेस्त्रीच्या ताब्यात दिली. त्याने मागचा अर्धा भाग करवतीने उडवला, फणसाच्या फळ्यांची पेटी ठोकली, आणि काम इतकं चोख की खाडीत लोटली असती तर मोटार तरली असती! आणि खालचा सायलेन्सर? तो त्याने काढून परसात टाकला. म्हणे, "शेटानू, ह्यां खाली लोंबता तां कित्याक होया?" होडीला खाली काही लोंबत नाही ना... मग मोटारीला कशाला? झालं! परसातून तो कुणी भंगारात नेला देव जाणे.

पंधरवडाभर मी त्या आवाजात ऐटीत फिरलो, खोटं कशाला बोलू. पण एके दिवशी रापणीचा म्होरक्या गुणाजी माझ्या मोटारीसमोर आडवा उभा. रापण तुम्हाला ठाऊकच, किनाऱ्यावरून मोठं जाळं टाकायचं नि दोन्ही बाजूंनी सगळ्या गावाने ओढायचं. गुणाजी म्हणाला, "शेटानू, आमी हंयसर मासळेची चाहूल घेत श्वास धरून बसतंव, आणि तुमची मोटार येता ती बोंबलत! मासो काय भजन ऐकूक थांबतलो? उद्या परत आवाज इलो तर सगळी मासळी बाबलीशेटाच्या बैलगाडीत. बैल बोंबलत नाय!"

ऐकलंत? बाबलीशेट, माझ्या धंद्यातला वैरी! माझा सगळा धंदा देवबागच्या मासळीवर, ती गेली तर मी काय मोटारीत बसून वारा विकू? कुडाळच्या गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो पान चघळत म्हणतो, "मुंबयसून बोटीन येतलो सायलेन्सर. म्हयनो तरी लागतलो." महिना! मला उद्या हवा होता! म्हटलं, बाबा, त्या सायलेन्सरच्या आत असतं तरी काय? म्हणे, भोकं पाडलेली नळी, वरून डबा, आणि मध्ये आवाज गिळणारं काहीतरी.

आवाज गिळणारं! अहो, माझा दुसरा धंदा काथ्याचा! काथ्याच्या गादीवर हत्ती पडला तरी आवाज येतो का? मी सत्यवानाला म्हटलं, घे गोडेतेलाचा डबा, घाल नळी, कोंब काथ्या. तो म्हणाला, "शेटानू, पेटात हां!" मी हसलो. खो खो हसलो! म्हटलं, नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कित्येक महिने पुरून कुजवतो तेव्हा काथ्या निघतो, एवढं खारं पाणी प्यालेला काथ्या पेटेल कसा? त्यालाही ते पटलं. दोघेही काथ्यातलेच जाणकार ना!

आणि काय सांगू... मोटार मुकी! रस्त्यात गावातली कृष्णाबाई पाटी घेऊन चालली होती, मी मागून जवळ गेलो तेव्हा टुणकन उडाली. "मेल्या, चोरासारखो कित्याक येतंस रे! ...अगो बाय, शेट तुमी?" हे बघा, आवाज केला तर शिव्या, नाही केला तरी शिव्या!

देवबागच्या वाळूवर पोचलो तर रापण ओढणं ऐन रंगात. मोटारीची पाठ समुद्राकडे केली, आणि ती बंद पडली. फणफणली होती. पुढे जाऊन हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. मागून धूर... पिवळा, जाड, पितरांना जेवायला बोलवावं असा! आणि तेवढ्यात तिकडे बोंब, "सुटली रे, सुटली!" जाळ्याचं उत्तरेकडचं तोंड मिटायच्या आत सगळी तारली मासळी तिकडून पळायला लागली होती. मी घाबरून तिसऱ्यांदा हँडल मारलं आणि...

धडाम्!

फक्त आवाज कमी करायचा होता हो! डबा फुटला, काथ्याचा जळता बोळा सूं करत निघाला, गुणाजीच्या मुंडाशावरून गेला आणि नेमका त्या उघड्या तोंडापाशी पाण्यात पडून चर्रर्र! मी हात जोडून डोळे मिटले, आता हे लोक मला जाळ्यात घालून ओढणार.

डोळे उघडले तर तारली उलटी फिरून जाळ्यात, आणि माणसं वेड्यासारखी ओढताहेत! जाळं वाळूवर आलं. गुणाजी माझ्याकडे आला, मी दोन पावलं मागे, तो म्हणतो, "शेटानू, उद्या परत येवा. पण मी हात वर करीसर गप रवायचा, मगे फट् करायचा!"

मग वाटे घातले. जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा, आणि बाजूला एक. मी विचारलं, हा कुणाचा?

"ह्यो मोटारीचो."

"आणि माझो?"

"तुमी काय केल्यात? तुमी तर डोळे मिटून उभे होतात!"

तेव्हापासून धंदा शाबूत आहे, तक्रार नाही. रोज चार गडी लावून बंद मोटार ढकलत वाळूवर न्यायची, गुणाजीचा हात वर गेला की सुरू करायची, आणि तिचा वाटा तिच्याच पेटीत घालून परतायचं. घरी जेवताना आमची बायको यमुनाबाई तळलेली तारली वाढते नि म्हणते, "घ्या, मोटारीन धाडल्यान हा तुमका."

मी मुकाट्याने खातो. काय करणार? कमावती ती आहे.