सगळ्यांनी वाटून घेतलेली चूक

"हॅलो?... हो, मीच. बोल... अगं, हॉलमध्येच आहे. खुर्च्या मांडतेय, संध्याकाळच्या बैठकीच्या... गोलच मांडतेय, आणखी कशा? गोलात कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही... हो, आणि पळून जायला वाटही नाही. ऐकलाय तुझा तो विनोद."

ताईंनी फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबला आणि पुढची खुर्ची ओढली. ताई वस्तीच्या कलामंडळाच्या चिटणीस. पलीकडे त्यांची धाकटी बहीण, पेशानं दातांची डॉक्टर आणि हौसेनं मंडळाच्या नाटकांचा पडदा ओढणारी. धाकटीनं सकाळीच राजीनामा दिला होता आणि तो आजच्या बैठकीत मंजूर व्हायचा होता. मंडळात राजीनामे नेहमी एकमतानं मंजूर होत. 'जाऊ नका' म्हणणं हा समोरच्याच्या निर्णयाचा अपमान समजला जाई.

"ते राहू दे, आधी सांग, दवाखान्यातून बोलतेयस ना? पेशंट नाहीये?... आहे? खुर्चीत?... तोंडात कापूस आहे? मग बोल की निवांत. तो बिचारा काय बोलणार!... हो, हो... अगं ऐक ना... राजीनामा देण्यासारखं घडलं काय एवढं? मला सांग ना, काय लागलं तुला?... कुठलं वाक्य?"

ताईंचा हात खुर्चीवर थांबला. कुठलं वाक्य ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"अगं, ते इतिवृत्तातलं होय... 'एक सदस्य अजून शिकण्याच्या प्रक्रियेत आहे.' त्यात वाईट काय? आपण सगळेच... बरं, बरं, नाही बोलत. बोल तू."

गोष्ट नाटकाच्या शेवटच्या प्रवेशातली. राजा मेला, वाद्यं थांबली, आणि पडदा मध्ये हातभर फट ठेवून अडला. त्या फटीत नेमका राजा. दोर ओढून धाकटीचे तळवे लाल झाले, पण फट काही मिटेना. राजानं मेल्या मेल्या बराच धीर धरला. शेवटी तो उठला, प्रेक्षकांना नमस्कार करून चालत विंगेत गेला. टाळ्या त्यालाच सगळ्यात जास्त पडल्या.

"हो, मग बैठक झाली. होणारच की. प्रत्येक कार्यक्रमानंतर होते... पद्धतच आहे आपली, दुसऱ्याकडे बोट दाखवायचं नाही. ज्यानं त्यानं आपली चूक सांगायची, त्यातून सगळ्यांनी शिकायचं... चांगलीच आहे पद्धत. आधी काय भांडणं व्हायची, आठवतंय ना? तबला फुटला होता एकदा... मग?... हो, सगळ्यांनी सांगितल्या. राजा म्हणाला, मी फार सावकाश मेलो. प्रकाशयोजनावाला म्हणाला, अंधार माझ्याकडून घाईनं झाला. मी म्हटलं, घंटा उशिरा दिली... आणि तो खजिनदार! 'मी टाळ्या लवकर वाजवल्या.' टाळ्यांनी पडदा अडतो होय? सोयीची चूक शोधून आणली मेल्यानं, अंगाला बरोबर बसेल अशी... काय झालं? कसला आवाज?... पेशंट हलला? मग धर त्याला."

एका पडद्याला मंडळानं अशा आठ चुका काढल्या होत्या. सगळ्या इतक्या नम्रपणे मान्य झाल्या, की दोराकडे बघायचं कुणाला सुचलंच नाही. धाकटीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, 'माझी चूक नाही. दोर कशात तरी अडकतोय.' गोलात अशी शांतता पसरली, जशी लग्नात कुणी वराचं वय विचारल्यावर पसरते. मग अध्यक्षबाई कनवाळूपणे हसल्या आणि त्यांनी ते वाक्य सांगितलं. ताईंनी ते लिहून घेतलं.

"अध्यक्षबाईंनी सांगितलं म्हणून लिहिलं... अगं, चिटणीस आहे मी, सांगतील ते... हं... हं..."

ताईंनी खुर्च्या मांडणं सोडलं. मग नुकत्याच मांडलेल्या खुर्चीवर बसल्या.

"नाही. तेवढंच कारण नाही. थांब, सांगते... तू माझी बहीण आहेस ना, म्हणून. तुझी बाजू घेतली असती तर म्हणाले असते, चिटणीसबाई घरच्यांना झाकतात. म्हणून मान खाली घातली आणि लिहून टाकलं... हो, परक्या बाईसाठी भांडले असते. खरंय तुझं... अगं, रडतेयस का तू?... सर्दी? बरं, सर्दी... पेशंटच्या तोंडावर शिंकू नकोस म्हणजे झालं."

"काय म्हणालीस?... आधी सांगितलं होतंस? नाटकाच्या आधी? कुणाला?... मला?... कधी गं?... तालमीला. 'ताई, दोर अडकतोय.' आणि मी काय म्हटलं?... नाही, मी असं नसेन म्हणाले... म्हणाले? 'दुसऱ्यात दोष बघू नकोस, आधी आपलं काय चुकतंय ते बघ'... अगं बाई. दोराबद्दल म्हणाले मी हे? दोराचा स्वाभिमान जपला?"

धाकटी पलीकडे हसली असावी, कारण ताईंच्याही चेहऱ्यावर थोडा उजेड आला.

"आत्ता?... आत्ता ओढून बघू? एकटीनं?... बरं, बरं, जाते. फोन ठेवू नकोस. स्टेजच्या पायऱ्या चढतेय... हो, गुडघे सांभाळून. हा धरला दोर... येतोय, येतोय... अडला. अगं, तिथंच अडला, राजाच्या फटीवर! राजा नाही, घंटा नाही, टाळ्या नाहीत, तरी अडला... वर? वर कप्पी आहे, दोराची गाठ आहे, आणि... थांब, चष्मा लावू दे... अय्या!"

वर मंडळाची नवी पाटी होती. निळ्या अक्षरांत 'आपण एकमेकांकडून शिकतो'. पाटी ठोकायचा ठराव नाटकाच्या तालमी सुरू होतानाच एकमतानं झाला होता. पाटीचा खिळा आडव्या लाकडातून आरपार आला होता आणि मागच्या बाजूनं त्यानं दोराची गाठ मायेनं धरून ठेवली होती.

"पाटी गं! आपली पाटी! तिचा खिळा... हो, पाटीचाच. हसू नकोस... हसू नकोस म्हणते ना, मला पण हसू येतंय आणि मी स्टुलावर चढतेय... पक्कड आहे, नेपथ्याच्या पेटीत असते... अगं पण हा खिळा ठोकला कुणी? तो खजिनदारच की! हातोडी घेऊन मिरवत होता, 'मी ठोकतो, मी ठोकतो'. त्या शहाण्याला... का?... का नको बोलू?... कोण बसलंय खुर्चीत?"

ताई स्टुलावरच स्तब्ध झाल्या. त्यांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं, जणू त्यातून खजिनदार बाहेर येईल.

"पहिल्यापासून?... सगळं ऐकलं?... माझा आवाज फोनबाहेर येतो?... 'मेल्यानं' पण?... आणि तू मला आत्ता सांगतेस? कार्टे!... काय करताहेत ते?... दाढ काढायची आहे, मान हलवू नका म्हणावं... डोळ्यांत पाणी? इंजेक्शनचं की... बरं. कानाला लाव त्यांच्या... नको, स्पीकरवर टाक. टाकलास?... खजिनदारसाहेब, नमस्कार. चिटणीस बोलतेय. बोलू नका, कापूस पडेल. इतकी वर्षं आपण गोलात बसतो, पण आज पहिल्यांदा कुणीतरी मध्ये न बोलता पूर्ण ऐकलं. त्याबद्दल मंडळ आपलं आभारी आहे. 'मेल्या' मी मागे घेते. आणि खिळा काढू ना?... अगं, काय म्हणताहेत?... मान हलवली? आडवी की उभी?... उभी. बरं, मग एकमत झालं."

पक्कड सरकली, पुन्हा धरली. खिळा बाहेर आला आणि पाटी ताईंच्या बगलेत आली.

"निघाला!... नाही, पडले नाही... उतरले. आता ऐक. ते वाक्य मी खोडणार नाही. खोडलं तर कुणाला कळणार, आपण काय लिहिलं होतं? त्याच्याखाली लिहिणार: सदस्यानं आधीच सांगितलं होतं, चिटणीसांनी ऐकलं नाही... हो, माझ्या सहीनं. आणि आज पहिला प्रश्न हा, की कुणी आधी काही सांगितलं होतं का... चिडू देत अध्यक्षबाई. शिकतील... तू येशील ना?"

ताईंनी डोळे मिटून घेतले.

"हं... चूक नको सांगूस. नसलेली चूक कशी सांगशील?... नुसतं 'दोर बघा' म्हण... आणि राजीनाम्याचं?... हं... खरंच? नक्की?... बरं बाई, बरं. पडद्याला दुसरं कुणी नकोच होतं मला... थांब, थांब, ठेवू नकोस. फोन वर धरतेय. ऐक."

त्यांनी एका हातानं फोन उंच धरला आणि दुसऱ्या हातानं दोर ओढला. पडदा सरसरत आला, आणि मधली फट मिटली.

"ऐकलंस?... हो, पूर्ण!... टाळ्या? तुझ्याकडून येताहेत? कोण वाजवतंय?... अगं, सांग त्यांना, ह्या वेळी अगदी वेळेवर आहेत. ठेवते."