सुभेदारांचा ब्रेक

पिंपळे सौदागरच्या ऑफिसात आमचा आठवडाभर वाद चालला होता, राव. लष्करी ट्रकचालकांच्या सरावासाठी सिम्युलेटर कोणत्या प्रोग्रामिंग भाषेत लिहायचा? मी सी प्लस प्लसवर अडून बसलेलो. माझा सहकारी इरफान म्हणायचा, "जावात लवकर होईल, भावा."

शेवटी आमचे सल्लागार, एक निवृत्त सुभेदार, दोन्ही नमुने चालवायला बसले. माझा सुरळीत चालला. इरफानच्या जावातल्या नमुन्यात त्यांनी ब्रेक दाबला आणि पडदा क्षणभर थबकला.

"जावा मेमरी साफ करायला मधेच थांबते. एवढं चालतं हो, काका," इरफान म्हणाला.

सुभेदार सिम्युलेटरच्या सीटवरून शांतपणे उतरले. "बेटा, रिव्हर्स घेताना मागं एक जवान उभा राहून खुणा करतो. माझा जोडीदार असाच उभा होता. ब्रेक क्षणभरच उशिरा लागला."

मग इरफाननं उठून फळ्यावरचं 'जावा' स्वतःच्या हातानं पुसलं.