निर्दोष गुडघा

मुलगी : ...आणि हा आजचा. यातही काही नाही, असं तुमच्या एक्स-रेवाल्यांनीच सांगितलं. दादा तर फोनवर म्हणाला, बाबांचा गुडघा तुझ्या-माझ्यापेक्षा तरुण आहे.

वडील : खरं आहे, डॉक्टर. गुडघा चांगलाच आहे.

डॉक्टर : मग आलात कशाला, काका?

वडील : दुखतो.

मुलगी : पुस्तकबांधणीचं दुकान बंद करून माझ्याकडे राहायला या म्हटलं, तेव्हापासून जास्तच दुखतो. मी वरच्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. दादा म्हणतो, यायचं नाही म्हणून सोंग चाललंय. मी तसं म्हणत नाही.

वडील : परवा म्हणालीस.

मुलगी : चिडले होते, बाबा. पट्टा झाला, तेल झालं, गोळ्या झाल्या. रात्री फोनवर विचारलं की म्हणतात, काही नाही, तू झोप.

वडील : फोटोत काही नसेल तर मी तरी काय सांगणार? मलाच वाटायला लागलं, आपलं डोकं फिरलं असेल.

डॉक्टर : दुकानात मांडी घालून बसायचात?

वडील : सगळा जन्म. आता जमत नाही. स्टूल घेतलंय.

डॉक्टर : बूट-मोजे काढा बघू.

वडील : राहू द्या की. गुडघा तर वर आहे.

मुलगी : काढा हो, बाबा. थांबा, मीच काढते. अगं बाई! ही नखं?

वडील : डाव्याची कापतो. उजव्यापर्यंत हात पोचत नाही.

मुलगी : मला सांगायचं ना.

वडील : काय सांगू? आधीच सोंग म्हणता.

डॉक्टर : काका, आडवे व्हा. पाय सैल सोडा. हा गुडघा वाकवला. दुखतंय?

वडील : नाही.

डॉक्टर : आता गुडघा आहे तसाच ठेवतो आणि सगळी मांडी खुब्यातून आत वळवतो.

वडील : आई गं...

डॉक्टर : कुठे दुखलं?

वडील : गुडघ्यात.

मुलगी : पण गुडघ्याला तुम्ही काहीच केलं नाहीत.

डॉक्टर : तेच तर. दुखणं खुब्यात आहे, कळ गुडघ्यात येते. दोघांच्या नसा एकाच वाटेने जातात. सगळ्यांनी दुखतं तिथलाच फोटो काढला. खुब्याचा काढून आणा.

(थोड्या वेळाने, त्याच खोलीत. भिंतीवरच्या दिव्यावर नवा फोटो लावलेला आहे.)

डॉक्टर : हा डावा खुबा. मांडीच्या हाडाचा गोळा, त्याभोवती वाटी आणि मधे ही काळी फट. तिथे कूर्चा असते, म्हणजे सांध्याची गादी. ती फोटोत उमटत नाही. आता हा उजवा बघा.

मुलगी : इथे फटच नाही.

डॉक्टर : गादी झिजून गेली. हाडावर हाड घासतंय.

मुलगी : कधीपासून?

डॉक्टर : बरीच वर्षं असणार. सांधा बदलावा लागेल. काका, घाबरू नका, ऑपरेशन नेहमीचं आहे.

वडील : ते नंतर बोलू. आधी हिला नीट बघू द्या.

मुलगी : बघितलं, बाबा. तुम्ही बघा ना. इथे, माझ्या बोटाजवळ.

वडील : मला त्यातलं काही कळत नाही. पण बरं वाटलं.